नेम मंगळावर नसतोच

३० जुलै २०२०, गुरुवार, श्रावणातली एकादशी. लॉकडाऊन लागल्यापासून मी गावीच होतो, अमळनेर तालुक्यात. संध्याकाळी पाच वाजता ओसरीवर पाण्याच्या तांब्याला मोबाइल टेकवून ठेवला आणि फ्लोरिडातल्या केप कॅनाव्हरलवरून निघणारं रॉकेट बघायला आम्ही तिघं बसलो. मी, सातवीतली पुतणी आणि आबा. आबांच्या हातात भगरीची ताटली. आपल्या घड्याळाप्रमाणे पाच वाजून वीस मिनिटांनी उड्डाण होतं. पाच एकोणीसला रेंज गेली. पडद्यावर नुसतं ते गोल चाक फिरत राहिलं. रेंज परत आली तोवर रॉकेटचा ठिपका झाला होता, आणि पुतणी रडकुंडीला आली होती.

आबांना त्याचं काही नव्हतं. ठिपक्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, "हाई कथा चालनं?"

"मंगयवर."

"कितला दिन लागतीन?"

"सात महिना."

त्यांनी एक घास खाल्ला, सावकाश चावला, आणि म्हणाले, "मंग मंगय तवलोंग तठेच थांबी का?"

अहिराणी न कळणाऱ्यांसाठी सांगतो: तोपर्यंत मंगळ तिथेच थांबेल का?

रॉकेट उडालं की आपल्याकडे बातम्यांत दोनच गोष्टी येतात, खर्च किती आणि वजन किती. आबांचा प्रश्न मी कुठल्या बातमीत वाचलेला नाही. पण दुसऱ्या ग्रहावर गाडी पाठवण्याचं निम्मं शास्त्र त्यातच आहे. त्या संध्याकाळी मला नीट उत्तर देता आलं नाही, "नाही थांबत, पण ते लोक हिशोब करतात" एवढं बोलून वेळ मारून नेली. आता सावकाश सांगतो.

आधी दोन आकडे बघा. त्या वर्षी मंगळ पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला तो ६ ऑक्टोबरला, तेव्हाचं अंतर सुमारे ६.२ कोटी किलोमीटर. आणि पर्सिव्हिअरन्स नावाची ती सहाचाकी गाडी मंगळावर पोचेपर्यंत जो प्रवास झाला, तो होता सुमारे ४७ कोटी किलोमीटर. म्हणजे जवळजवळ साडेसात पट. बरं, ती निघाली मंगळ सर्वांत जवळ येण्याच्या दोन महिने आधी आणि पोचली साडेचार महिन्यांनंतर, जेव्हा तो पुन्हा लांब गेला होता. जवळ असताना गाठायचं सोडून हा वळसा कशाला?

याचं उत्तर गोफणीत सापडतं. ज्वारी हुरड्यात आली की आबा मचाणावर चढून पाखरं राखायचे. लहानपणी मीही गोफण फिरवून बघितली. पहिला धोंडा पाखरांच्या दिशेला न जाता माझ्याच मागे, विहिरीवर पाणी भरणाऱ्या काकूच्या घागरीशेजारी पडला. धोंडा आपण ज्या दिशेला बघतो तिकडे जात नाही. दोरी सुटते त्या क्षणी तो ज्या दिशेने फिरत असतो, त्या दिशेने जातो. शिवाय पाखरू उडतं असेल तर ते आत्ता आहे तिथे मारून उपयोग नसतो, धोंडा पोचेल तेव्हा ते जिथे असेल तिथे मारावं लागतं. गोफणीत जोरापेक्षा मोठी कला आहे ती दोरी कधी सोडायची याची.

रॉकेटची गोष्ट हुबेहूब गोफणीची नाही, पण या दोन बाबतींत अगदी तशीच आहे. आपण बसलो आहोत ती पृथ्वीच सूर्याभोवती सेकंदाला जवळजवळ ३० किलोमीटर वेगाने धावते आहे. अमळनेरहून धुळ्याला जायला एसटीला तासभर तरी लागतो, पृथ्वी तेवढं अंतर एक-दोन सेकंदांत कापते. तिच्यावरून निघालेलं यान हा वेग आपोआप घेऊनच निघतं. त्याला सरळ मंगळाकडे पळवायचं तर आधी हे ३० किलोमीटर पुसून टाकावे लागतील, आणि तेवढा जोर असलेलं रॉकेट माणसाने अजून बनवलेलं नाही. म्हणून उलटा विचार करायचा. पृथ्वी ज्या दिशेने पळते आहे त्याच दिशेने आणखी थोडा धक्का द्यायचा. सूर्याभोवतीच्या वेगात सेकंदाला साधारण तीन किलोमीटरची भर पडली की यान पृथ्वीच्या कक्षेतून हळूहळू बाहेर सरकत जातं आणि सूर्याभोवती लांबट वर्तुळात फिरू लागतं. या लांबट वर्तुळाचं एक टोक पृथ्वीच्या वाटेला टेकलेलं, दुसरं मंगळाच्या. वॉल्टर होमान नावाच्या जर्मन अभियंत्याने हे १९२५ साली कागदावर मांडलं, तेव्हा अवकाशात एकही वस्तू गेलेली नव्हती.

म्हणजे सात महिने इंजिन चालू असतं असं कुणाला वाटत असेल तर ते तसं नाही. इंजिनाचं मुख्य काम पहिल्या तासात संपतं. पुढचा सगळा प्रवास हा गोफणीतून सुटलेल्या धोंड्याचा. मध्ये दिशा सुधारायला दोन-चार हलके फुत्कार, एवढंच.

आता आबांचा प्रश्न. मंगळ थांबत नाही, तो सेकंदाला २४ किलोमीटर वेगाने त्याच्या वाटेने चाललेला असतो. यानाला अर्धी फेरी मारून दुसऱ्या टोकाला पोचायला सहा-सात-आठ महिने लागतात. तेवढ्या वेळात मंगळ चालत चालत नेमका त्याच टोकाला आला पाहिजे. उलटा हिशोब केला तर असं निघतं की यान सुटताना मंगळ पृथ्वीच्या सुमारे ४४ अंश पुढे असायला हवा. कक्षा अगदी गोल नसल्यामुळे हा आकडा दर खेपेला थोडा इकडेतिकडे होतो. पर्सिव्हिअरन्सच्या २०३ दिवसांत मंगळ शंभरावर अंश चालून गेला. त्या संध्याकाळी रॉकेट उडालं तेव्हा ते जिथे जाणार होतं तिथे काहीच नव्हतं. मोकळी जागा.

हा ४४ अंशांचा मेळ पुन्हा कधी जमतो? हे मात्र त्या संध्याकाळी पुतणीसोबत करून बघितलं, तुम्हीही पेन्सिल घ्या. पृथ्वी ३६५ दिवसांत ३६० अंश फिरते, म्हणजे रोज जवळजवळ एक अंश, काटेकोर ०.९८६. मंगळाचं वर्ष ६८७ दिवसांचं, म्हणजे रोज ०.५२४ अंश. पृथ्वी रोज मंगळाच्या तुलनेत ०.४६२ अंश पुढे सरकते. अशी पुढे जात जात एक आख्खी फेरी जास्तीची मारली की दोघं पुन्हा त्याच ठेवणीत येतात. ३६० भागिले ०.४६२. उत्तर येतं ७८० दिवसांच्या आसपास. सव्वीस महिने.

पुतणीने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ३० जुलै २०२० मध्ये ७८० दिवस मिळवले. १८ सप्टेंबर २०२२. "म्हणजे आज नसतं उडालं तर मी नववीत गेल्यावर?" ती म्हणाली. तसंच.

भुसावळला गाडी चुकली तर मागून दुसरी येते. मंगळाची गाडी चुकली की सव्वीस महिने फलाटावर बसून राहायचं. म्हणूनच त्या जुलैत झुंबड उडाली होती. २० तारखेला संयुक्त अरब अमिरातीचं होप हे यान जपानमधून निघालं, २३ ला चीनचं तियानवेन, आणि ३० ला नासाचं हे. पेपरांनी त्याला शर्यत म्हटलं. शर्यत कसली, सगळे एकाच वेळापत्रकाला बांधलेले. युरोपची रोव्हरही, म्हणजे मंगळावर चालणारी अशीच गाडी, त्याच मुदतीत जाणार होती, तिचं नाव रोझालिंड फ्रँकलिन. पण पॅराशूट आणि इतर चाचण्या वेळेत पुऱ्या होईनात, म्हणून २०२० हुकलं. मग २०२२ ठरलं, तर युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि रशियासोबतचा करार तुटला. आता २०२८ चं बोलतात. नासाची आधीची रोव्हर क्युरिऑसिटी २००९ ला जायची ती २०११ ला गेली, तेही यामुळेच. एक महिना उशीर झाला तर एक महिन्याने जाऊ, ही सोयच इथे नाही.

पर्सिव्हिअरन्सचंही जरा अवघडच झालं होतं. मुळात ती १७ जुलैला जायची. क्रेनमध्ये बिघाड निघाला, २० झाली. रोव्हर रॉकेटच्या टोपणात बसवताना तिथल्या नळ्यांमधून काही दूषित जाईल अशी शंका आली, २२ झाली. मग इंधन भरून केलेल्या रंगीत तालमीत द्रव ऑक्सिजनच्या एका सेन्सरने भलतेच आकडे दाखवले, ३० झाली. मुदत संपत होती १५ ऑगस्टला. हुकली असती तर दोन वर्षं गाडी नुसती सांभाळून ठेवायला ५० कोटी डॉलर लागतील, असं नासाच्या तेव्हाच्या प्रमुखांनीच सांगितलं होतं. आणि हे सगळं कोरोनात, अर्धी माणसं घरी बसून काम करत असताना. त्या गाडीच्या अंगावर आरोग्यसेवकांच्या मानाची एक छोटी ॲल्युमिनियमची पाटी लावलेली आहे. ती आजही मंगळावर आहे.

जाता जाता एक आपल्याकडची गोष्ट. ग्रह अमुक दिवशी कुठे असेल हे आकडेमोड करून सांगायचं काम खान्देशाला नवं नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेला असाल तर तिथल्या शिलालेखाबद्दल ऐकलं असेल. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाच्या दरबारातला ज्योतिषी, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, आणि त्याला कुणी किती देणगी द्यायची ते इसवी सन १२०७ च्या सुमारास दगडात कोरून ठेवलं आहे. (मुक्ताईनगरजवळचे योगी चांगदेव ते वेगळे, हा घोळ नेहमी होतो.) भास्कराचार्यांचं मूळ गाव कोणतं यावर विद्वान भांडतात, भांडू देत. त्यांच्या मांडणीत पृथ्वी मधोमध आणि स्थिर होती, त्यामुळे रॉकेट काही त्यांच्या सूत्रांनी जाणार नाही. पण मंगळ मध्येच उलटा का चालतो, किती दिवस चालतो, पुन्हा सरळ कधी होतो, हे सगळं त्या गणितात होतं. मंगळ असा "वक्री" का दिसतो? कारण दर सव्वीस महिन्यांनी आतल्या वाटेने धावणारी पृथ्वी त्याला मागे टाकून पुढे जाते. ज्योतिषी ज्याची भीती घालतात ती वक्री चाल आणि रॉकेटवाले ज्याची वाट बघतात ती मुदत, दोन्ही एकाच चक्रातून येतात.

झालं वेळापत्रक. आता गोफण कशी फिरते ते बघू.

महिना ठरला तरी दिवसातली वेळ ठरायची असते, कारण पृथ्वी स्वतःभोवतीही फिरते आहे. केप कॅनाव्हरल फिरत फिरत योग्य बाजूला आलं पाहिजे. ती संधी दिवसाला दोनेक तासांची. पूर्वेकडेच उडवायचं, म्हणजे पृथ्वीच्या गिरकीचा वेगही फुकटात मिळतो. आपलं श्रीहरिकोटा पूर्व किनाऱ्यावर आहे त्याचं एक कारण हेच, आणि दुसरं म्हणजे खाली समुद्र असतो, काही पडलं तर पाण्यात पडतं.

रॉकेट होतं ॲटलस-पाच, प्रकार ५४१. हे आकडे गाडीच्या मॉडेलसारखे वाटतात, पण त्यांना अर्थ आहे. टोपणाची रुंदी ५ मीटर, बाजूला ४ बूस्टर, वरच्या टप्प्याला १ इंजिन. बूस्टर म्हणजे दिवाळीतल्या बाणाचेच थोरले भाऊ, एकदा पेटले की विझवता येत नाहीत. मधल्या मोठ्या टप्प्यात काय जळतं माहीत आहे? रॉकेल. रेशनच्या रांगेत पाच लिटरचा कॅन घेऊन उभं राहायचो तेच, फक्त फार शुद्ध केलेलं. सोबत उणे १८३ अंशांपर्यंत थंड केलेला द्रव ऑक्सिजन, कारण वर हवा नाही आणि जळायला ऑक्सिजन लागतो, तो बरोबरच न्यावा लागतो. रॉकेटच्या वजनातला बहुतेक भाग इंधन आणि ऑक्सिजनचाच असतो. साठेक मीटर उंच, पाचशेहून अधिक टनांचं ते धूड, आणि त्याच्या टोकावर जायचं सामान म्हणजे एक टनभराची रोव्हर आणि तिचं वेष्टण. केळीचा एक घड दिल्लीला पाठवायला आख्खी मालगाडी जाळायची, तसं.

चार-साडेचार मिनिटांत रॉकेलचा टप्पा संपून गळून पडतो. मग वरचा टप्पा, सेंटॉर, द्रव हायड्रोजनवर चालणारा. तो यानाला घेऊन आधी पृथ्वीभोवतीच्या कक्षेत जातो आणि इंजिन बंद करून अर्धा तास नुसता तरंगत राहतो. का? दोरी सोडायची जागा यायची असते. ती आली की इंजिन दुसऱ्यांदा पेटतं आणि आठेक मिनिटांत वेग ताशी ४० हजार किलोमीटरच्या आसपास जातो. एवढ्या वेगाला पृथ्वीची ओढ तुटते. यान सेंटॉरपासून सुटतं. आमच्या ओसरीवर तोवर दिवाबत्ती झाली होती.

आपल्या मंगळयानाला अशी चैन नव्हती. ५ नोव्हेंबर २०१३, भाऊबीज, आणि वारही मंगळवार. पीएसएलव्ही हे भरवशाचं रॉकेट, पण त्याच्यात यानाला एका दमात पृथ्वीबाहेर फेकण्याइतका जोर नाही. मग इस्रोने काय केलं, यानाला पृथ्वीभोवतीच फिरवत ठेवलं आणि दर काही दिवसांनी, यान पृथ्वीच्या जवळ आलं की त्याचं छोटं इंजिन पेटवून कक्षा थोडी थोडी लांबवत नेली. एकदा इंजिनाने दगाही दिला, कमी जोर लागला, तो पुन्हा लावून भरून काढला. महिनाभर गोफण अशी फिरवून १ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर दोरी सोडली. २४ सप्टेंबर २०१४ ला यान मंगळाच्या कक्षेत. सगळा खर्च साडेचारशे कोटींच्या घरात. लोक स्वस्ताचं कौतुक करतात, मला मात्र त्या फिरवण्याचं जास्त वाटतं. अर्थात मंगळयान वरून घिरट्या घालणारं होतं, जमिनीवर उतरणारी गाडी त्यात नव्हती. आपली गाडी चंद्रावर उतरली, २०२३ ची प्रज्ञान, २६ किलोची.

आता शीर्षकाकडे येतो. मंगळ थांबत नाही, म्हणून तो पोचेल तिथे नेम धरायचा, इथपर्यंत आलो. पण खरी गंमत पुढे आहे. रॉकेट तिथेही नेम धरत नाही. मुद्दाम थोडं बाजूला मारतात.

कारण सेंटॉर. यान सुटल्यावर हा रिकामा टप्पाही त्याच वेगाने, त्याच वाटेने मागोमाग जातच राहतो, त्याला ब्रेक नाही. नेम अचूक असेल तर तोही सात महिन्यांनी मंगळावर जाऊन आदळणार. आणि तो काही निर्जंतुक केलेला नसतो. रोव्हर मात्र कॅलिफोर्नियात नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेत ज्या खोलीत जोडली, तिथली माणसं नखशिखान्त पांढऱ्या कपड्यांत, फक्त डोळे उघडे. पुन्हा पुन्हा अल्कोहोलने पुसायचं, सोसेल तो भाग तापवायचा, मग बोळा फिरवून किती जीवाणू उरले ते मोजायचं. एवढं सगळं कशासाठी? मंगळावर कधीकाळी जीव होते का हे शोधायला निघालेल्या गाडीने आपल्याच अंगावरचा जीव तिथे नेऊन "सापडला" म्हणायला नको. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय अवकाश करारातही दुसऱ्या ग्रहावर घाण नेऊ नये असं कलम आहे. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत जाताना हातपाय धुवायला लावतात, तेच हे.

तर सेंटॉर चुकावा म्हणून नेमच चुकवायचा. दोघंही मंगळाच्या बाजूने निघून जातील असं मारायचं, आणि सेंटॉर वेगळा झाल्यावर दोनेक आठवड्यांनी यानाने स्वतःच्या छोट्या इंजिनांनी वाट सुधारून घ्यायची. पर्सिव्हिअरन्सने ती १४ ऑगस्टला सुधारली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. एवढा खर्च, एवढं गणित, आणि पहिला नेम चुकवलेला. तोही ठरवून.

त्या संध्याकाळी आणखी दोन किस्से झाले. उड्डाणानंतर यानाचा संदेश पृथ्वीवर येत होता, पण तो वाचता येईना. बिघाड म्हणावा तर संदेश जास्तच मोठा होता. कोट्यवधी किलोमीटरवरून येणारी कुजबुज टिपायला बसवलेल्या अँटेना, आणि यान अजून दारातच उभं राहून बोलत होतं, त्यांचे कान बसले. जमिनीवरच्या यंत्रांची संवेदना कमी केल्यावर सगळं नीट ऐकू आलं. दुसरं, पृथ्वीच्या सावलीतून जाताना यानाचा एक भाग अंदाजापेक्षा जरा जास्त गार पडला, आणि यानाने घाबरून सगळी जास्तीची कामं बंद केली. अशा वेळी तसंच करायला त्याला शिकवलेलं असतं: काही विचित्र वाटलं तर हलू नकोस, घरच्यांच्या निरोपाची वाट बघ. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, काही नाही रे, सावली होती.

उतरण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. मंगळाची हवा आपल्या एक टक्काही दाट नाही. तापवून जाळायला पुरेशी, पण थांबवायला अपुरी. ताशी १९ हजारांहून अधिक वेगाने शिरायचं, उष्णतेची ढाल, मग साडेएकवीस मीटरचं पॅराशूट, मग उलट्या रॉकेटवर तोललेल्या पाळण्यातून दोरांनी गाडी खाली सोडायची. सात मिनिटं. पृथ्वीवर संदेश यायला तेव्हा अकरा मिनिटं लागत होती, म्हणजे "शिरतोय" हा निरोप येईपर्यंत तिकडे जे व्हायचं ते होऊन गेलेलं. इथून कुणी काही करू शकत नाही. ४७ कोटी किलोमीटरनंतर गाडी उतरायची होती साधारण ७.७ बाय ६.६ किलोमीटरच्या लांबट पट्ट्यात. आमच्या गावाची शीव जरा मोठीच असेल.

उतरल्यावरचा वेग मात्र बैलगाडीलाही लाजवणारा. सपाट जमिनीवर पूर्ण दम लावून तासाला दीडशे मीटर. वीज मिळते ११० वॉटच्या आसपास. एक पंखा आणि दोन-तीन एलईडी दिवे लावाल तेवढी. ती येते ४.८ किलो प्लुटोनियम डायऑक्साइडच्या उष्णतेतून, सूर्यप्रकाशातून नाही. याचं कारण खान्देशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. साक्रीकडे सौर पॅनेलांच्या रांगा बघितल्या आहेत? धूळ बसली की वीज घसरते, आणि इथे निदान पुसायला माणूस आहे. २००४ साली उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या जुळ्या बहिणी पॅनेलवर चालायच्या. त्यांचं आयुष्य धरलं होतं नव्वद दिवसांचं. धुळीने त्या संपणार असा अंदाज होता, पण मंगळावरही वैशाखासारख्या वावटळी उठतात. एखादी वावटळ अंगावरून गेली की पॅनेल लख्ख. ऑपॉर्च्युनिटी अशी जवळजवळ साडेचौदा वर्षं चालली, ४५ किलोमीटर. शेवटी २०१८ च्या जूनमध्ये आख्ख्या ग्रहावर धुळीचं वादळ आलं, दिवसा अंधार झाला, आणि तिचा आवाज बंद झाला तो झालाच. पर्सिव्हिअरन्सला मायक्रोफोन आहे. २७ सप्टेंबर २०२१ ला तिच्यावरून एक वावटळ गेली आणि मातीचे कण मायक्रोफोनवर आपटल्याचा टिपटिप आवाज नोंदवला गेला. आपल्या पत्र्यावर येतो ना, तसाच, फक्त बारीक.

ती उतरली तेव्हा आपल्याकडे १९ फेब्रुवारी २०२१ उजाडायचा होता, रात्रीचे दोन वाजून पंचवीस मिनिटं. शिवजयंतीची पहाट. पुतणी जागी राहायची म्हणाली आणि बारालाच झोपली. या खेपेला रेंज गेली नाही. पडद्यावर पहिला फोटो आला, काळा-पांढरा, अंधुक, कॅमेऱ्यावर धूळ. खडे आणि गाडीची सावली.

सकाळी आबा दातण करत होते तेव्हा त्यांना फोटो दाखवला. जागेचं नाव सांगितलं, जेझेरो. पंचेचाळीस किलोमीटर रुंदीचा खड्डा, त्यात कधीकाळी तळं होतं, आणि काठाला नदी येऊन मिळत होती. तिने आणलेल्या गाळाचा पंखा अजून तसाच दिसतो, म्हणून तर गाडी तिथे उतरवली.

त्यांनी फोटो लांब धरून बघितला. "तठे पानी से का?"

"व्हतं. साडेतीन अब्ज वरीस पहिले."

आबांनी दातण थुंकलं आणि खाली, नदीच्या अंगाला बघितलं. फेब्रुवारीतच बोरीचं पात्र कोरडं पडलं होतं. वाळूत दोन ट्रॅक्टर उभे होते.

"मंग ती आपली बोरीसारखीच व्हयनी," ते म्हणाले, आणि तोंड धुवायला गेले.